अ‍ॅलन ट्युरिंग: कॉम्प्युटरचा पाया घालणाऱ्या माणसाची दोन गुपितं

तुमच्या एकाच फोनवर कॅमेरा, गेम आणि बँक सगळं चालतं. यंत्र एकच ठेवायचं, फक्त त्याला दिलेल्या सूचना बदलायच्या, ही कल्पना अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ साली गणिताच्या एका पेपरमध्ये मांडली. तेव्हा तो जेमतेम २४ वर्षांचा होता.

ट्युरिंगचा जन्म २३ जून १९१२ला लंडनमध्ये झाला. वडील आपल्याकडे मद्रास प्रांतात आयसीएस अधिकारी होते, त्यामुळे त्याचं लहानपण बरंचसं आईवडिलांपासून लांब, इंग्लंडमध्ये गेलं. केंब्रिजला तो गणित शिकला. १९३९मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि तो ब्लेचली पार्कमध्ये दाखल झाला. पोलिश गणितज्ञांनी केलेलं काम पुढे नेत त्याने जर्मन एनिग्माचे सांकेतिक मेसेज फोडणारं यंत्र डिझाइन केलं. हे काम इतकं गुप्त होतं की लोकांना ते कळायला १९७०चं दशक उजाडलं.

दुसरं गुपित त्याचं स्वतःचं होतं. तो समलैंगिक होता. जवळच्या काही मित्रांना हे माहीत होतं. १९४१मध्ये सहकारी जोन क्लार्कशी त्याचं लग्न ठरलं, तेव्हा त्याने तिलाही ते स्वतःहून सांगितलं. पुढे त्यानेच लग्न मोडलं, पण मैत्री टिकली. म्हणजे कुणाला सांगायचं, हे तोवर तो स्वतः ठरवत होता.

जानेवारी १९५२मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. तो पोलिसांकडे गेला. चौकशीत एका तरुणाशी असलेले संबंध त्याने लपवले नाहीत, आणि तक्रारदाराचाच आरोपी झाला. १८८५च्या कायद्याने हा गुन्हा होता. तुरुंग टाळायचा तर वर्षभर हार्मोनचे उपचार घ्यावे लागणार होते. त्याने ते घेतले. सरकारी गुप्त कामाची परवानगीही गेली. ७ जून १९५४ला सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. आईला मात्र तो अपघात वाटत होता.

इंग्लंडमधला कायदा १९६७मध्ये सैल झाला. २००९मध्ये पंतप्रधानांनी माफी मागितली, २०१३मध्ये राणीने त्याची शिक्षा माफ केली. २०२१मध्ये ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा फोटो आला.

आता प्रश्न असा, की प्रसिद्ध माणसांनी कम आऊट करायलाच हवं का? एखाद्या मोठ्या माणसाने उघडपणे सांगितलं, तर कुठेतरी एकट्या पडलेल्या मुलाला धीर येतो, हे खरंच आहे. आज ती नोट हे काम करतेच. पण १९५२मध्ये खरं बोलण्याची किंमत एकट्या ट्युरिंगने मोजली. माफी मागणारे तेव्हा कुणीच नव्हते.

भारतातही इंग्रजांनीच आणलेलं कलम ३७७ होतं. सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ला प्रौढांमधले संमतीचे संबंध त्यातून वगळले. पण घर, नोकरी, नातेवाईक हे निकालाने एका दिवसात बदलत नाहीत. अ‍ॅपने कॉन्टॅक्ट्स मागितले की अलाऊ दाबायचं की नाही, हे फोनचा मालक ठरवतो. इथेही तसंच हवं. एखादा अभिनेता किंवा खेळाडू गप्प असेल, तर त्याच्यावर अंदाज बांधत बसण्यापेक्षा आपल्या ओळखीतलं कुणी उद्या बोललं तर त्याचं काही बिघडणार नाही, एवढं आपण बघू शकतो.