लक्ष्मीबाई टिळक : सोवळ्यातून प्रेमाच्या पंक्तीला



संत योआकिम व संत आन्ना या प्रभू येशूच्या आजी-आजोबांचा सण २६ जुलै रोजी येतो. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ पासून जुलैचा चौथा रविवार सर्व आजी-आजोबांसाठी राखून ठेवला. या निमित्ताने एका मराठी ख्रिस्ती आईची आणि आजीची आपण आठवण करू या. लक्ष्मीबाई टिळक प्रोटेस्टंट मंडळीतल्या, पण आपल्या सर्वांच्याच.

त्यांचा जन्म १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपूरचा, माहेर गोखल्यांचे. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घरात घ्यायचे. शाळा नशिबी नव्हती. अकराव्या वर्षी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले आणि अक्षरओळख पतीनेच करून दिली. संसार गरिबीचा, फिरस्तीचा. काही लेकरे लहानपणीच गेली. १८९१ साली झालेला देवदत्त तेवढा हाताशी राहिला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. काही वर्षे त्या लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) पतीकडे आल्या, पण आपली चूल व पाणी वेगळे ठेवूनच. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. अशातच एके दिवशी त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला, की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळताच त्यांनी कोणाच्याही हातचे खायला-प्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. म्हणजे जात आधी गेली, ख्रिस्ती नाव मागाहून मिळाले. त्यांच्या बाबतीत श्रद्धेची वाट स्वयंपाकघरातून गेली, असे आम्हाला वाटते.

मग त्या घराला दार म्हणून उरलेच नाही. अनाथ मुले आली, ती घरचीच झाली. घरात पैसा टिकत नसे, पण पान वाढायचे राहत नसे.

१९१९ साली टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे प्रभूच्या जीवनावरचे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. ज्यांना शाळा माहीत नव्हती त्या लक्ष्मीबाईंनी त्यात ६४ अध्याय लिहिले. पोटासाठी मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम केले, पुढे कराचीला राहिल्या. वडिलांच्या चरित्रासाठी देवदत्तने आठवणी मागितल्या आणि त्यातून ‘स्मृतिचित्रे’ तयार झाले. पहिला भाग १९३४ साली निघाला. स्वतःच्या फजितीवर हसत लिहिलेले हे पुस्तक आजही मराठी घरांत वाचले जाते. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांनी देह ठेवला. नातू अशोक टिळक यांनी पुढे टिपा देऊन आजीच्या पुस्तकाची आवृत्ती सिद्ध केली. आईचे मुलाने लिहून घेतले, आजीचे नातवाने जपले.

आपल्या धर्मग्रामात वसईची, नगरकडची, जालन्याची, कोकणातली कुटुंबे एकाच मिस्साला बसतात, एकाच वेदीवरची भाकर घेतात. पण सोयरीक जुळवताना हळूच जात विचारणारी घरे आपल्यातही आहेत. प्रभू येशू जकातदारांच्या पंक्तीला बसला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्म्याआधी जे सोडले, ते आपण बाप्तिस्मा घेऊनही धरून ठेवायचे का? हा प्रश्न आम्ही विशेषतः आपल्या आया-आज्यांपुढे ठेवतो, कारण घराचे दार कोणासाठी उघडायचे हे बहुतेक घरांत त्याच ठरवतात.

आणि मुलांनो, आज दुपारी आजीजवळ वही घेऊन बसा. ती गावाहून नवी मुंबईत कशी आली, काय सोडून आली, ते विचारा आणि लिहून ठेवा.

प्रभू आपल्या सर्व आजी-आजोबांना आशीर्वाद देवो.