आधी पाय की आधी मेंदू? रेमंड डार्ट यांची गोष्ट

खिशातला फोन पावलं मोजतो तेव्हा आतला अ‍ॅक्सलरोमीटर एक ठेका ओळखत असतो. एक पाय, मग दुसरा पाय, आणि दर पावलाला शरीर जरासं वर-खाली. हे वाचत होतो तेव्हा मला प्रश्न पडला, हा दोन पायांचा ठेका माणसाला लागला कधी? शोधत गेलो आणि रेमंड डार्ट या माणसापाशी अडकलो.

डार्ट मूळचे ऑस्ट्रेलियाचे, जन्म १८९३ चा, ब्रिस्बेनजवळचा. डॉक्टरकी शिकले, लंडनमध्ये मेंदूच्या रचनेवर काम केलं आणि १९२३ च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. वय तिशीला टेकलेलं. लंडन सोडून इतक्या लांब येणं त्यांना स्वतःला फारसं रुचलं नव्हतं.

१९२४ मध्ये जोसेफिन सॅमन्स या त्यांच्या विद्यार्थिनीमुळे टाउंगच्या चुनखडीच्या खाणीतली बबून माकडाची एक जीवाश्म कवटी त्यांच्यापर्यंत पोहोचली. डार्टनी खाणीतले आणखी दगड मागवले. नोव्हेंबरमध्ये खोकी घरी आली. डार्ट यांच्या आठवणींनुसार त्या दिवशी त्यांच्याच घरी मित्राचं लग्न होतं, नवरदेवाच्या बाजूला त्यांनाच उभं राहायचं होतं, आणि हे कपडे करता करता खोकी फोडत बसले!

एका खोक्यात मेंदूचा दगडी साचा होता. म्हणजे कवटीत गाळ भरून तो घट्ट झाला आणि मेंदूचा आकार जसाच्या तसा राहिला. त्या साच्याला जुळणारा दुसरा दगड सापडला. चेहरा त्याच्या आत होता. डार्टनी हातोडी, छिन्नी आणि बायकोच्या विणायच्या सुयांना धार लावून दगड कोरायला घेतला. २३ डिसेंबरला चेहरा उघडा पडला. लहान मूल, दुधाचे दात शाबूत.

आता मुख्य मुद्दा. मेंदूतून निघणारा मज्जारज्जू कवटीच्या एका मोठ्या भोकातून खाली पाठीच्या कण्यात उतरतो. चिंपांझीत हे भोक मागच्या बाजूला असतं, कारण त्याचं डोकं कण्याच्या पुढे लटकतं. आपलं डोकं मात्र कण्यावर घागरीसारखं तोललेलं असतं, म्हणून भोक तळाशी, जवळजवळ मधोमध. टाउंगच्या मुलात ते बरंच पुढे होतं. मेंदू मात्र जेमतेम ४०० घन सेंमीचा, आपल्या सरासरीच्या एक तृतीयांशाहूनही कमी. डार्टनी निष्कर्ष काढला की हा जीव दोन पायांवर चालत होता. म्हणजे आधी पाय, मेंदू नंतर. ७ फेब्रुवारी १९२५ च्या ‘नेचर’मध्ये त्यांनी त्याला नाव दिलं ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानस.

लंडनच्या मोठ्या मंडळींना हे पटेना. आर्थर कीथ यांच्यासारख्यांच्या मते हा वानरच. त्यांच्याकडे ‘पुरावा’ही होता. इंग्लंडमधल्या पिल्टडाउनला मिळालेली, १९१२ मध्ये जाहीर झालेली कवटी, मोठा मेंदू आणि वानराचा जबडा. म्हणजे बरोब्बर उलटा क्रम. इथे मला एक गोष्ट मान्य करावी लागते, विरोधकांचा एक आक्षेप रास्त होता. वानरांची पिल्लंही लहानपणी माणसासारखी दिसतात, त्यांच्यातही ते भोक पुढे असतं आणि वाढताना मागे सरकतं. एका मुलाच्या कवटीवरून एवढा दावा म्हणजे धाडसच.

१९३१ च्या सुमारास डार्ट कवटी घेऊन लंडनला गेले, पण तेव्हा सगळ्यांचं लक्ष चीनमधल्या ‘पेकिंग मॅन’कडे. त्यातच त्यांची पत्नी डोरा कवटीचा डबा टॅक्सीत विसरली. आपण रिक्षात फोन विसरतो तसं, फक्त डब्यात लाखो वर्षांपूर्वीचं मूल होतं. टॅक्सीवाल्याने तो पोलिसांकडे जमा केला म्हणून बरं.

मग डार्ट जवळजवळ थांबलेच. त्यांची बाजू सावरली रॉबर्ट ब्रूम यांनी. १९३६ पासून स्टर्कफोंटेनच्या गुहांमध्ये त्यांना प्रौढ ऑस्ट्रॅलोपिथेकस मिळू लागले आणि १९४७ मध्ये तर कमरेची हाडंसुद्धा. ती रुंद आणि बुटकी होती, सरळ उभं राहणाऱ्याची. त्याच वर्षी कीथ यांनी ‘नेचर’मध्येच आपली चूक कबूल केली. पुढे पिल्टडाउनही कोसळलं. जमिनीतलं हाड पाण्यातलं फ्लोरिन हळूहळू शोषतं, म्हणून फ्लोरिन मोजलं की हाड खरंच जुनं आहे का ते कळतं. या चाचणीने संशय बळावला आणि १९५३ मध्ये लबाडी उघड झाली. कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले.

गोष्ट इथे संपवली असती तर डार्ट निव्वळ हिरो ठरले असते. पण मकापान्सगटच्या गुहेतली हजारो मोडकी हाडं पाहून त्यांनी ठरवलं की ही हत्यारं होती आणि आपले पूर्वज रक्तपिपासू शिकारी होते. कल्पना जोरात चालली. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये हाड उगारणारा वानर आहे ना, त्याच्यावर याचीच सावली आहे. सी. के. ब्रेन यांनी मात्र नामिब वाळवंटातल्या वस्त्यांत, जेवणानंतर टाकलेली आणि कुत्र्यांनी चघळलेली शेळ्यांची हाडं मोजली. कुठली हाडं टिकतात आणि कुठली नाही, ते प्रमाण मकापान्सगटशी जुळलं. तिथे हत्यारं निवडली नव्हती, मऊ हाडं चावून संपली होती आणि कडक तेवढी उरली होती. एका कवटीवरून बरोबर निघालेला माणूस हजारो हाडांसमोर चुकला, याचं मला अजून नवल वाटतं.

डार्ट १९८८ मध्ये, ९५ व्या वर्षी गेले. १९९५ मध्ये ली बर्जर आणि रॉन क्लार्क यांनी मांडलं की टाउंगचं मूल गरुडासारख्या मोठ्या शिकारी पक्ष्याने उचललं असावं. पुढे त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत, गरुडांनी मारलेल्या आजच्या माकडांच्या कवट्यांवर असतात तशाच खुणा सापडल्या. ते मूल साधारण ३-४ वर्षांचं होतं.