हेडफोन ॲम्प घेतल्यावर केसरबाईंचा आवाज सुधारतो का?

समजा, परभणी जिल्ह्यातल्या झरीतल्या एका पोराने मोबाईलवर केसरबाई केरकरांची भैरवी लावली. आवाज डब्यातून आल्यासारखा, वर खरखर. मित्र म्हणतो हेडफोन ॲम्प घे, मस्त ऐकू येईल. दोन-तीन हजारांचा प्रश्न आहे, म्हणून आधी बाईंची गोष्ट बघू.

केसरबाईंचा जन्म 1892 चा, गोव्यातल्या केरीचा. आठव्या वर्षी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँकडे शिकायला लागल्या, पण ती तालीम काही महिन्यांतच सुटली. मग रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले असे गुरू होत गेले, पण सलग शिकणं काही होईना. अखेर 1921 मध्ये जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँनी त्यांना शिकवायला घेतलं. ही तालीम 1946 मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत चालली. तब्बल 25 वर्षं! पुढे 1953 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 1969 मध्ये पद्मभूषण मिळालं.

आता मुद्द्याची गोष्ट. एवढ्या तालमीचं गाणं 78 फेऱ्यांच्या तबकडीत भरायचं, तर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळायची. त्यातही आवाजातले अगदी बारीक, उंच ध्वनी तबकडीत फारसे उतरायचे नाहीत. जे तेव्हा उतरलंच नाही, ते आज कितीही महागडा ॲम्प लावला तरी येणार नाही.

ॲम्पचं काम सिग्नलला ताकद देणं. हेडफोन 250-300 ओहमचा असेल आणि मोबाईलवर फुल्ल करूनही आवाज बारीकच येत असेल, तर ॲम्पने फरक पडतो. साध्या 16 किंवा 32 ओहमच्या इअरफोनला बहुतेक वेळा त्याची गरजच नसते. उलट गाण्यासोबत खरखरही मोठी होते. त्यापेक्षा त्याच तबकडीची कुणी नीट साफ करून उतरवलेली प्रत शोधावी. ती फुकटातही मिळू शकते.

1977 मध्ये नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. त्यात भारतातून एकच गाणं निवडलं होतं, केसरबाईंची भैरवी. व्हॉयेजर 1 उडालं 5 सप्टेंबरला आणि 16 सप्टेंबरला बाई गेल्या. तबकडी वाजवायला सोबत सुई आणि कार्ट्रिज दिलंय, कशी वाजवायची त्याची चित्रंही कोरलीत. ॲम्प मात्र दिलेला नाही. तो ज्याला सापडेल त्याने स्वतःचा लावायचा.