विश्लेषण : चारकोपच्या जुन्या नकाशामागचे लॅम्बटन कोण होते?

कांदिवली पश्चिमेचे चारकोप आज सेक्टरच्या क्रमांकांनी ओळखले जाते. ही वसाहत १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने आखली. साष्टी बेटाच्या जुन्या नकाशांत मात्र हा पट्टा खाडी आणि दलदलीचा दिसतो. जुना व नवा नकाशा एकमेकांवर ठेवून तुलना करता येते, कारण दोन्हींतील ठिकाणे अक्षांश-रेखांशांना बांधलेली असतात. भारतात या कामाचा पाया विल्यम लॅम्बटन यांनी घातला.

मोजणी कशी सुरू झाली?

यॉर्कशायरमध्ये जन्मलेले लॅम्बटन अमेरिकेतील युद्धात कैद झाले होते. सूर्यग्रहण पाहताना त्यांच्या एका डोळ्याची दृष्टी गेली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत ते इंग्रज फौजेत होते. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर त्यांनी दक्षिण भारताच्या शास्त्रीय मोजणीचा प्रस्ताव मांडला. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुमारे १२ किलोमीटरची पायारेषा मोजण्यास सुरुवात झाली. साखळीने केलेल्या या कामाला ५७ दिवस लागले.

पद्धत काय होती?

त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात. त्यातील एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटचे वजन अर्धा टन होते. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर चढवताना दोर तुटून ते आदळले. लॅम्बटन यांनी तंबूत बसून, कित्येक आठवडे खपून ते स्वतः दुरुस्त केले.

महाराष्ट्राशी संबंध काय?

नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. त्यांची कबरही तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी ही मोजणी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. त्रिकोणांची एक साखळी मुंबईकडेही आली.

आज याचा उपयोग काय?

भरतीचे पाणी पूर्वी कुठवर येत असे, हे जुन्या नकाशावरून कळते. पावसाळ्यात पाणी कुठे तुंबेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. खारफुटीची हद्द आणि जुन्या गावठाणांच्या सीमा यांवरील वादांतही असे नकाशे कामी येतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये खारफुटीच्या तोडीला मनाई केल्यानंतर तर हद्द नेमकी कुठे, हा प्रश्न कळीचा झाला. चारकोपच्या पश्चिमेला ही खारफुटी आजही उभी आहे.