थोरल्यांच्या पगारावर शिकलेला धाकटा

पुणे-बेंगळूर महामार्गाने कोल्हापूरकडून येणाऱ्यास कराडच्या आधी मलकापूर लागते. आगाशिवच्या डोंगराखालचे हे गाव आता शहर झाले आहे. रुग्णालय आणि महाविद्यालये यांच्या आधाराने येथे भाड्याच्या खोल्या वाढल्या, आणि त्या खोल्यांतून खेड्यापाड्यांतील मुले राहू लागली. यांपैकी कित्येकांचे शुल्क वडील भरतात हे खरे. पण थोरल्या भावाच्या पगारातून ज्यांचा महिना निघतो, अशी मुलेही थोडी नसतात. भावाने भावाला शिकविण्याची ही रीत या मुलखात जुनी आहे. तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे शेजारच्या कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण होत.

यशवंतरावांचे चरित्र बहुधा मातोश्री विठाबाईंच्या कष्टांपासून सांगितले जाते. ते योग्यच आहे. परंतु या सांगण्यात दोन थोरल्या भावांचा वाटा ओझरत्या उल्लेखावर उरकला जातो, आणि एका बुद्धिमान मुलाने दारिद्र्यावर एकट्याने मात केली, असा समज वाचकाच्या मनात राहून जातो. वस्तुस्थिती तशी नव्हती.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे, म्हणजे आजोळी, यशवंतरावांचा जन्म झाला. देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा ते सातारा जिल्ह्यात मोडत असे. वडील बळवंतराव न्यायालयात बेलिफ होते. यशवंतराव अगदी लहान असतानाच प्लेगच्या साथीत वडिलांचे निधन झाले. मागे पत्नी, ज्ञानोबा, गणपतराव व यशवंत हे तीन मुलगे आणि कन्या राधाबाई. थोरल्या ज्ञानोबांना वडिलांच्या जागी न्यायालयात नोकरी मिळाली आणि घर सावरले. ज्ञानोबांची आवड कशात होती, त्यांना पुढे काय व्हायचे होते, हे विचारण्याची सवड त्या घराला नव्हती. कमावता मुलगा एवढीच त्यांची ओळख ठरली.

मधले गणपतराव बुद्धीने तल्लख. परंतु त्यांच्याही शिक्षणाची वाट परिस्थितीने अडविली. तथापि त्यांनी धाकट्याला पैशाहून निराळी अशी एक गोष्ट दिली. ती म्हणजे समाजाकडे पाहण्याची दृष्टी. गणपतरावांचा ओढा सत्यशोधक चळवळीकडे आणि ब्राह्मणेतर पक्षाकडे होता. बहुजनांच्या प्रश्नांची पहिली ओळख यशवंतरावांना घरातच झाली ती यामुळे. पुढे मात्र यशवंतराव राष्ट्रीय चळवळीकडे वळले आणि दोघा भावांत मतभेद झाले. हा मतभेद घर फोडणारा ठरला नाही, हे विशेष. बहुजन समाजाला काँग्रेसच्या प्रवाहात आणण्याचे जे राजकारण यशवंतरावांनी नंतर केले, त्याची पहिली उजळणी कराडच्या त्या घरात, मधल्या भावाशी वाद घालताना झाली असावी, असे म्हटले तर वावगे ठरू नये. ज्याला घरीच विरोधी मताचा आदर करावा लागतो, त्याला तो सभागृहात जड जात नाही.

१९३२ साली टिळक हायस्कूलमध्ये तिरंगा फडकविल्याबद्दल यशवंतरावांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. सरकारी नोकरीवर चालणाऱ्या घरातील मुलगा सरकारविरुद्ध तुरुंगात गेला! ज्ञानोबांच्या मनावर त्या दिवसांत कोणते दडपण असेल, याची कल्पना कोणत्याही कारकुनाला सहज करता येईल. तरीही शिक्षण थांबले नाही. १९३४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, यशवंतराव मॅट्रिक झाले. १९३८ साली कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी. ए. झाले, आणि १९४१ साली पुण्याहून वकिलीची पदवी घेऊन परतले. म्हणजे मॅट्रिकनंतरही सात वर्षे घराने एका कमावत्या वयाच्या माणसाची वाट पाहिली. अर्थशास्त्राच्या भाषेत हा भांडवलाचा प्रचंड खर्च होता. पण घरातल्या हिशेबात तो कर्ज म्हणून कधी मांडला गेला नाही.

परतफेडीची वेळ आली आणि वादळ उठले. २ जून १९४२ रोजी वेणूताईंशी विवाह झाला, ऑगस्टमध्ये लढा सुरू झाला आणि यशवंतराव भूमिगत झाले. १९४३ च्या संक्रांतीला वेणूताईंना अटक झाली. गणपतरावांच्याही वाट्याला तुरुंगवास आला. याच धामधुमीत ज्ञानोबांचे निधन झाले. ज्याने पित्याच्या जागी उभे राहून वाढविले, त्याच्या अखेरच्या क्षणी धाकटा भाऊ जवळ नव्हता. पुढे फलटणला आजारी पत्नीला भेटावयास गेले असता यशवंतराव पकडले गेले. गणपतरावांना क्षयाने गाठले. १९४६ साली यशवंतराव पार्लमेंटरी सेक्रेटरी म्हणून मुंबईस निघाले, ते घर असे खचलेले असताना. मधला भाऊही त्यानंतर फार काळ राहिला नाही.

मुख्यमंत्री झाल्यावर यशवंतरावांनी आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांना शुल्कमाफीची सवलत दिली. जातीऐवजी उत्पन्नाचा निकष लावणारा निर्णय म्हणून त्याची चर्चा झाली. त्याची दुसरी बाजूही पाहण्याजोगी आहे. ज्या घरात ज्ञानोबा नाही, त्या घरातील मुलाच्या मागे शासन उभे राहिले. आणि जेथे ज्ञानोबा आहे, तेथे त्याच्या पाठीवरचे ओझे थोडे हलके झाले. शुल्क माफ झाले तरी खोलीचे भाडे, खाणावळ आणि बुडालेली मजुरी माफ होत नाही, हे मात्र मलकापुरातील आजचा विद्यार्थीही सांगेल. राधाबाईंसारख्या बहिणींचा प्रश्न तर त्या पिढीने विचारलाच नाही. तीन भावांपैकी कोणी शिकावे, एवढाच पर्याय तेव्हाच्या घरापुढे असे.

आयुष्याच्या अखेरीस यशवंतरावांनी तीन खंडांत आत्मचरित्र लिहिण्याचे योजिले होते. त्यातला ‘कृष्णाकाठ’ हा पहिला खंडच १९८४ साली वाचकांच्या हाती आला, आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. मुंबईचे मुख्यमंत्रिपद, दिल्लीचे संरक्षणमंत्रिपद हे सारे लिहावयाचे राहून गेले. जे लिहून झाले, ते १९४६ साली मुंबईला निघण्यापाशी थांबते. ज्ञानोबा आणि गणपतराव आहेत ते त्याच खंडात.