नावावर न विसंबणारे डॉ. कीर्तिकर
शंखपुष्पी या एकाच नावाने निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात. मग खात्री करायची कशी? डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर (१८४९-१९१७) यांनी त्याची वाट दाखवली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील या लेफ्टनंट कर्नलांनी मुंबईच्या विषारी वनस्पतींवर लेखमाला लिहिली. पुढे मेजर बामनदास बसू यांच्यासह औषधी वनस्पतींचा मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यात शास्त्रीय नाव, स्थानिक नावे, वर्णन, उपयोग आणि हजारावर चित्रे आहेत. १९१८ मध्ये तो अलाहाबादेत प्रसिद्ध झाला, तेव्हा कीर्तिकर हयात नव्हते. अमरावती-अकोल्याच्या बाजारात जडीबुटी घेतानाही त्यांचाच धडा लागू पडतो. ऐकीव नावावर औषध घेऊ नये. शास्त्रीय नाव पडताळून जाणकार डॉक्टरांना किंवा फार्मासिस्टला विचारावे.