तालमीतले गुरू : लहुजी वस्ताद



अवधूतांनी चोवीस गुरू केले, ही भागवतातली कथा आपण दरवर्षी दत्तजयंतीला ऐकतो. पृथ्वी, पाणी, अजगर, मधमाशी, इतकंच काय, पिंगला वेश्यासुद्धा! ज्याच्यापासून शिकायला मिळालं तो गुरू. तिथं कुळ-जात विचारली गेली नाही. आज आपल्या पुण्यातल्याच अशा एका गुरूंचं स्मरण करू या.

मुळा-मुठेच्या संगमाजवळ, संगमवाडीला, लहुजी राघोजी साळवे यांची समाधी आहे. लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ रोजी पुरंदरच्या पायथ्याशी, मातंग घराण्यात झाला. वडील राघोजी मोठे शूर. शस्त्रविद्या लहुजींना घरातच मिळाली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई जुंपली. बापलेक दोघेही त्यात लढले, आणि राघोजी कामी आले, असं सांगतात. त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

राज्य गेलं, फौज मोडली. हातात तलवार असलेल्या जवान माणसानं आता करायचं काय? लहुजींनी पुण्यात तालीम काढली. गंजपेठेतली ही तालीम आजही त्यांच्या नावानं ओळखली जाते. कुस्ती, दांडपट्टा, नेमबाजी, सगळं ते शिकवत. शिपायाचे वस्ताद झाले.

तो काळ कसा होता, हे जाणत्यांना सांगायला नको. ज्यांची सावलीही चालत नसे, त्या समाजातल्या वस्तादाकडे वरच्या म्हणवणाऱ्या घरातली मुलंही येऊ लागली. जोतीराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. पुढे जोतीरावांनी शाळा काढल्या, तेव्हा लहुजी पाठीशी उभे राहिले आणि आपल्या समाजातली मुलं त्यांनी शाळेत धाडली. साळवे घराण्यातल्याच मुक्ताबाईनं, वयाच्या अवघ्या चौदाव्या वर्षी, महार-मांगांच्या दुःखावर निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. लाठी शिकवणाऱ्या हातांनी पाटीलाही असा आधार दिला.

वासुदेव बळवंत फडके हेही याच तालमीतले. फडके निस्सीम दत्तभक्त, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. १८७९ साली त्यांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, पकडले गेले आणि एडनला रवाना झाले. तेव्हा लहुजींनी पंच्याऐंशी गाठली होती.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी वस्तादांनी देह ठेवला. आणि बरोबर दोन वर्षांनी, १७ फेब्रुवारीलाच, एडनच्या तुरुंगात फडक्यांचं निधन झालं. गुरुशिष्यांची पुण्यतिथी एकच!

तेव्हा भक्तजनहो, जयंतीचा प्रसाद घेऊन परतताना एकदा संगमवाडीला जाऊन या. नातवंडांना सोबत न्या. समाधीवर दोन फुलं वाहा, आणि मुलांना सांगा, की गुरूची जात पाहायची नसते, विद्या पाहायची असते. अवधूतांनी आपल्याला हेच तर शिकवलं.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥